धाकटा आधी रिटायर होतो तेव्हा

आमच्या ऑफिसच्या रजिस्टरात एकोणीस माणसं एकाच दिवशी जन्मली होती. एक जुलैला. कुणी तांड्यावरचं, कुणी डोंगरकड्याकडचं, कुणी ऐन हिंगोलीतलं, पण सगळ्यांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, आपलं वाचायला काहीतरी चुकतंय. मग एका म्हाताऱ्या मुकादमानं खुलासा केला. जुन्या काळी रेल्वेच्या गँगमध्ये भरती व्हायची तेव्हा साहेब खुर्ची टाकून बसायचा आणि एकेकाला विचारायचा, जन्म कधीचा? उत्तर यायचं, "मोठा पूर आला व्हता त्या साली." पुराची तारीख साहेबाला कुठून ठाऊक असणार? तो एक जुलै लिहायचा. वर्ष मात्र माणसाकडं बघून, अंदाजानं टाकायचा.

हे ऑफिस म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगांचं ऑफिस. स्टेशनापासून चार पावलांवर, पत्र्याचं छप्पर, दोन टेबलं आणि एक कपाट, ज्याचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नसे. मी तिथं कारकून होते. मला ही नोकरी नवऱ्याच्या जागेवर लागली. ते ड्यूटीवर असतानाच गेले आणि मी, हिंगोलीजवळच्या गोरेगावात, माहेरी शिवणयंत्र चालवणारी, एकदम सरकारी टेबलाशी येऊन बसले. पहिली दोन वर्षं मी मान वर केली नाही. नंतर अशी केली की ती खाली घालायला सांगण्याची कुणाची छाती झाली नाही. हेडक्लार्क झाल्यावर गँगची माणसं मला 'बडे बाबू बाई' म्हणायला लागली. ते मला अजून आवडतं.

माझं काम रिटायर होणाऱ्यांचे कागद तयार करण्याचं. वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? सांगते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, असा नियम आहे. त्यामुळं आमचे हे एक जुलैवाले सगळे तीस जूनला घरी जायचे. दोन जुलै लिहिलं असतं तर महिनाभर जास्त पगार मिळाला असता, हे कळलं की प्रत्येक जण त्या मेलेल्या साहेबाला शिव्या घालायचा. दर तीस जूनला ऑफिसात लग्नघर व्हायचं. तीन-चार नवरदेव, आणि हार मात्र एकच. फोटो काढायला तोच हार एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायचा. निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ झालं त्या साली तर एकानं निरोपाच्या जेवणासाठी बोकड आणून दारात बांधला होता. आदेश आला, नोकरी दोन वर्षांनी वाढली. बोकडही वाढला. शेवटी तो घरच्यांना इतका जवळचा झाला की कापलाच गेला नाही आणि आम्हाला निरोपाला वांग्याची भाजी खावी लागली.

पण या सगळ्या गमतीत एक कागद असा होता की त्यानं माझी झोप उडवलेली असायची. नोकरीत असेपर्यंत रेल्वेचा दवाखाना कामगाराला आणि त्याच्या बायकोला फुकट. रिटायर झालं की तो बंद. म्हणजे वय झालं, दवाखान्याची गरज लागली, की नेमका त्याच वेळी दवाखाना सुटणार. त्यावर एक योजना होती. रिटायर होण्याआधी एक अर्ज भरायचा, एका महिन्याचा मूळ पगार एकदाच कापून द्यायचा, की नवराबायकोला जन्मभर उपचार. कार्ड मिळायचं, त्यावर दोघांचा फोटो. अट एकच, अर्ज नोकरीत असताना झाला पाहिजे. नंतर दार बंद. अधूनमधून वरून आदेश निघून ते दार थोडे दिवस किलकिलं व्हायचं, पण त्याच्या भरवशावर कुणी आजारी पडू नये.

आता साठीच्या गँगमनला हे पटवून बघा. मी रोज पटवायचे.

"बाई, आजाराला काहून आधीच बयाना देऊ? बयाना देला की तो येतोच."

"मला काई होत न्हाई. अर्ध्या पैशात बायकोचंच करा."

एकानं तर बायकोऐवजी बैलाचं नाव घालता येईल का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. बायको धडधाकट होती, बैल म्हातारा झाला होता. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण अर्जात तसा रकाना नव्हता, काय करणार.

मी या कागदामागं हात धुऊन लागायचे त्याला कारण होतं. सुरुवातीच्या काळात एक पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, अर्ज घेऊन आले होते. त्यांचं नाव लिहीत नाही. माझ्या टेबलावर पगाराचे कागद पसरलेले होते. मी वर न बघताच म्हटलं, "उद्या या." ते सरळ माणूस, उद्या आले. पण त्या उद्याला मी रजेवर होते आणि परवा ते रिटायर झाले होते. पुढं त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झाला. ते कधी बोलले नाहीत मला. बाजारात दिसले की नमस्कार करायचे. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून 'उद्या या' हे शब्द माझ्या तोंडातून गेले ते गेलेच.

तर आता हरसिंगची गोष्ट.

हरसिंग चाबीवाला होता. म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून ठरलेल्या पट्ट्यातले रूळ चालत तपासायचे, ढिल्या झालेल्या चाव्या, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकून बसवायच्या. रुळांपासून कोसभर आत त्याचा तांडा. मोठ्या मिशीचा, कमी बोलणारा माणूस. आजारपणाची रजा त्यानं उभ्या नोकरीत घेतली नव्हती. पण त्याची बायको गोमलीबाई खरोखरच आजारी होती. तिच्या हृदयाची झडप नीट उघडत नव्हती. विहिरीवरून घागर आणायची तर ती तीन ठिकाणी बसायची. रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यानं ऑपरेशन सांगितलं होतं आणि नंबर दिला होता सप्टेंबरातला. हरसिंग रिटायर होणार होता तीस जूनला. मधल्या दोन महिन्यांत त्याच्याकडं कार्ड नसलं तर ऑपरेशन होणार नव्हतं, आणि खाजगीत करायची त्याची ऐपत नव्हती. इतकं सरळ होतं ते. एक सही, एक फोटो, बाई वाचते.

आणि हरसिंग सही करेना.

एप्रिल गेला, मे गेला. निरोप धाडला की यायचा, टेबलासमोर उभा राहायचा, अर्जाकडं बघायचा आणि "करून राहिलो ना बाई" म्हणून निघून जायचा. मला वाटलं, पगार कापला जाईल म्हणून जीव अडकला असेल. शेवटी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "हरसिंगभाऊ, आज खरं सांगितल्याशिवाय बाहेर जायचं नाही. बायको नकोशी झालीय का?"

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला माझीच लाज वाटली.

"तसं न्हाई बाई," तो म्हणाला. "थोरला भाऊ अजून नोकरीवर हाय. त्याच्या आधी म्या कसा रिटायर होऊ? तांड्यात काय तोंड दाखवू?"

मी रजिस्टर काढलं. त्याचा थोरला भाऊ थावरू त्याच गँगमध्ये होता. आणि रजिस्टरात थावरू हरसिंगपेक्षा दोन वर्षांनी धाकटा होता! भरतीच्या दिवशी दोघं भाऊ एका रांगेत उभे होते. हरसिंगला मिशी फुटलेली, थावरू नुकताच गुळगुळीत दाढी करून गेलेला. साहेबानं मिशी बघितली आणि वर्ष लिहिलं.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"साहेबानं इचारलंच न्हाई."

पस्तीस वर्षं ही चूक रजिस्टरात निवांत पडून होती, कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. आता रिटायरमेंटची यादी लागली आणि तांड्याला कळलं की सरकारदरबारी थावरू धाकटा आहे. थावरू महिनाभर भावाशी बोलला नव्हता. त्यांच्यात थोरल्याचं लग्न झाल्याशिवाय धाकट्याचं होत नाही, थोरला जेवायला बसल्याशिवाय धाकटा ताट ओढत नाही. आणि हा पेन्शन ओढायला निघाला होता. हरसिंगला वाटत होतं, अर्जावर सही केली म्हणजे आपण थोरले आहोत हे आपल्याच हातानं लिहून दिलं. रिटायर तर तो सही न करताही होणारच होता, पण ते सरकारनं केलं असं म्हणता आलं असतं. सही मात्र त्याची स्वतःची झाली असती.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण हसायलाही येईना, कारण भावाचा मान आणि बायकोचा जीव या दोन्हींमध्ये तो खरोखर भरडला जात होता.

दुसऱ्या दिवशी मी थावरूला बोलावलं. हा उंच, वाळका, पांढऱ्या फेट्याचा माणूस, बोलायला चढा. येऊन बसला तो तोंड फिरवूनच.

"थावरूदादा," मी म्हटलं, "तुमच्या घरात मोठं कोण?"

"म्या," तो कडाडला. "कागद कायबी म्हणो."

"मी कागदाचं विचारतच नाही. घरातला धाकटा माणूस थोरल्याच्या हुकुमाशिवाय सही करील का?"

"न्हाई करणार."

"तेच तर. हरसिंग तुमच्या हुकुमासाठी थांबलाय. दोन महिने झाले, सही करत नाही. म्हणतो, दादानं सांगितल्याशिवाय पेन हातात धरणार नाही."

थावरूनं माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. मी थोडं मीठमसाला लावून सांगितलं होतं, कबूल करते. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "आसं म्हनला व्हय?" तो म्हणाला आणि फेटा सारखा केला. बाहेर जाऊन त्यानं गँगसमोर मोठ्यानं हाक मारली, "हरशा! ये इकडं. सही कर. म्या सांगून राहिलो." हरसिंगनं धावत येऊन सही केली. इतकी मोठी केली की ती दोन रकान्यांत गेली.

मला वाटलं, जिंकले. पण हुकूम देऊन थावरू थांबला नाही. घरचा मोठा म्हणून यापुढं सगळं आपल्या देखरेखीखाली होणार, असं त्यानं जाहीर केलं. दोघांच्या फोटोसाठी तो जातीनं त्यांना स्टुडिओत घेऊन गेला. फोटो आला. हरसिंगच्या शेजारी एक ओढणी बसलेली. चेहरा नाहीच.

"चेहरा दिसायला हवा," मी सांगितलं. दुसरा फोटो आला. ओढणी आणखी खाली. तिसरा आला त्यात ओढणीतून फक्त नथ दिसत होती. थावरू माझ्यावरच चिडला. "म्या सोता समोर हुबा राहून काढवला फोटो! फोटोवाल्याला येत न्हाई काम."

त्या साली तीस जूनला रविवार होता आणि शनिवारी वरचं ऑफिस बंद. म्हणजे शुक्रवारच्या दुपारच्या पॅसेंजरनं कागदांची थैली गेली तरच अर्ज वेळेत पोचणार. शुक्रवार उजाडला तरी माझ्या हातात तीन फोटो आणि शून्य चेहरे. मी टेबल तसंच सोडलं, अर्ज, शिक्का आणि थैली उचलली आणि हरसिंग, गोमलीबाई, थावरू या तिघांना घेऊन स्वतः स्टुडिओ गाठला.

आत पडद्यामागं बाकावर मी गोमलीबाईला बसवलं. पंखा नव्हता. तिनं घाम पुसायला ओढणी सहज मागं सारली. पहिल्यांदा मी तिचा चेहरा बघितला. गोल, हसरा, हनुवटीवर गोंदण, आणि ओठ निळसर पडलेले. मी म्हटलं, "अहो, किती छान दिसता! अशाच बसा." ती हसली. तेवढ्यात दारात थावरूची सावली पडली आणि ओढणी सर्रकन हनुवटीपर्यंत खाली आली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. थावरू तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ! जेठासमोर ती चेहरा उघडा करील कशी? आणि प्रत्येक फोटोच्या वेळी हा शहाणा जबाबदारीनं तिच्या अगदी समोर, कॅमेऱ्याच्या शेजारी उभा होता. ना ती सांगू शकत होती, ना हरसिंग भावाला 'बाहेर जा' म्हणू शकत होता. थावरूच्या तर ध्यानीमनीही नव्हतं. चाळीस वर्षांत त्यानं भावजयीला ओढणीशिवाय बघितलंच नव्हतं. ती दिसते ती अशीच, असं त्याला वाटत असावं.

त्याला मी तरी काय सांगणार? तोंडावर सांगितलं असतं तर त्याचाही मान गेला असता. मी म्हटलं, "थावरूदादा, एक अडचण आहे. पॅसेंजर किती लेट आहे ते बघून यायला हवं. मला स्टेशनावर कुणी नीट सांगणार नाही. तुमच्यासारखा जुना माणूसच पाहिजे."

रेल्वेच्या माणसाला गाडीची चौकशी सांगितली की तो नाही म्हणूच शकत नाही. थावरू लांब ढांगा टाकत गेला. इकडं ओढणी मागं गेली, दिवा लागला, आणि गोमलीबाई कॅमेऱ्याकडं बघून अशी हसली की फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा कमी. सरकारी फोटो आहे." हरसिंग मात्र कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत होता. त्याला दोनदा ओरडावं लागलं.

फोटोवाला अर्जंट प्रिंट काढायला आत गेला आणि थावरू धापा टाकत परत आला. "बाई! गाडी टायमावर हाय!"

आमची ती छोट्या रुळांची पॅसेंजर. तिच्या वेळेवर कुणी आजवर घड्याळ लावलं नव्हतं. नेमकी त्याच दिवशी तिला शिस्त सुचली. फोटो ओलाच बाहेर आला. मी तो दोन बोटांत धरून थावरूसोबत रिक्षात बसले आणि सगळ्या रस्ताभर फुंकर घालत राहिले. प्लॅटफॉर्मवर गाडी उभी होती, गार्डानं शिटी तोंडात धरली होती. मी तिथंच बाकावर फोटो चिकटवला, शिक्का मारला, थैलीत अर्ज कोंबला. थावरू थैली घेऊन पळाला. साठी ओलांडलेला तो माणूस, कागदावर अठ्ठावन्नचा, त्या दिवशी खरोखर अठ्ठावन्नचा वाटला. थैली गार्डाच्या हातात पडली आणि गाडी हलली.

रविवारी हरसिंग रिटायर झाला. हार घालायला थावरू पुढं आला, पण आधी त्यानं तो हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतला आणि मग काढून भावाला घातला. अशा रीतीनं क्रम बराबर झाला. सगळे हसले, हरसिंगही मिशीत हसला. ऑगस्टात कार्ड आलं. ते न्यायला अर्थातच थावरूच आला. मी कार्ड उघडून दाखवायला गेले तर त्यानं नजर दुसरीकडं वळवली. "कागदात गुंडाळून द्या," म्हणाला.

पुढचं मला गोमलीबाईनं सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर ती ऑफिसात आली ती चालत, मध्ये कुठंही न बसता. हातात हळदीची पिशवी. ओठ निळे नव्हते. माझ्या टेबलाशी बसून तिनं ओढणी मागं टाकली आणि हसत हसत सांगायला लागली.

सप्टेंबरात तिघं मोठ्या दवाखान्यात गेले होते. हरसिंग कुठल्याशा सहीसाठी वरच्या मजल्यावर गेला. खिडकीशी उरले थावरू आणि गोमलीबाई, तीही ओढणीत. खिडकीवरच्या बाबूनं कार्ड उघडलं, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा ओढणीकडं, आणि थावरूला विचारलं, "कार्डवरची बाई हीच कशावरून? तुम्ही ओळखता?"

"माझ्या भावाची बायको हाय, साहेब. चाळीस वर्सं झाली."

"मग हा फोटो बघून सांगा, हिचाच ना?"

बाबूनं कार्ड त्याच्यासमोर धरलं. थावरूनं डोळे मिटून घेतले. "मला काय ठावं, साहेब? म्या कदी पाह्यलं न्हाई."

बाबूला वाटलं, काहीतरी फसवाफसवी आहे. तो कार्ड बाजूला ठेवायला लागला. मागं रांग ओरडायला लागली. हरसिंगचा पत्ता नाही. गोमलीबाईला उभं राहवेना, आणि जेठाशी बोलायची तर सोयच नाही.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"म्या काय करणार, बाई? त्यायनंच केलं. फेटा डोळ्यावर ओढला, माझ्याकडं पाठ केली अन् भिंतीला नाक लावून हुबे राह्यले. भिंतीलाच म्हनले, 'साहेब, आता पाहून घ्या तुमी. झालं की सांगा.' म्या ओढणी वर केली. बाबूनं शिक्का मारला. तरी ते भिंतीकडंच. लोकं हसून राहिले व्हते, पर ते हलले न्हाईत."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. हसू तसंच होतं, पण डोळे भरले होते.

"चाळीस वर्सं त्यायला पाहून म्या तोंड फिरवलं, बाई. त्या दिशी माझ्यासाठी त्यायनं फिरवलं."